वहीला पडलेलं भोक

सोनूची वही पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मधल्या एका पानाला आरपार भोक होतं. एकच उदाहरण त्याने इतक्या वेळा खोडलं होतं की कागदच संपला होता. भोकातून खालचं पान दिसत होतं आणि शेवटचं उत्तर त्या खालच्या पानावर लिहिलेलं होतं. ते चूक होतं.

संध्याकाळी वही दिव्याखाली तिरकी धरली. पेन्सिल दाबून लिहायची सवय असलेल्या मुलांचे खोडलेले आकडे खालच्या पानावर उमटतात. तीन उत्तरं एकावर एक दिसली. त्यातलं एक, बहुधा सगळ्यात आधीचं, बरोबर होतं.

गणितात कच्ची मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका शाळेत सव्वीस वर्षं सहावी ते आठवीला गणित शिकवलं. आता जनकगंजातल्या घरी पुढच्या खोलीत दुपारी चार-पाच मुलं येतात. पण बरोबर आलेलं उत्तर खोडून चूक लिहिणारं मूल असं समोर पुराव्यासकट आलं नव्हतं. म्हणून त्या ऑक्टोबरपासून मी सोनूची एक वेगळी डायरी ठेवली. हे प्रकरण त्यातून लिहिते आहे. सोनू हे घरातलं नाव.

सातवीतला मुलगा, इंग्रजी माध्यम, तिमाही परीक्षेत गणितात ५० पैकी १३. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. लष्करातल्या मराठी घरांत हे काही नवीन नाही. वडील दाल बाजारात एका आडतीवर हिशेब लिहितात. पानभर रकान्याची बेरीज बोट फिरवत करतात, कॅल्क्युलेटर काढत नाहीत. त्यांनी मुलाला माझ्याकडे आणलं तेव्हा त्याच्या समोरच सांगितलं, "मॅडम, पाढे पाठ आहेत ह्याचे, पण डोकं चालत नाही. पुढच्या वर्षी आठवी आहे." आमच्या मध्य प्रदेशात पाचवीला आणि आठवीला बोर्डाच्या धर्तीवर परीक्षा असते, त्यामुळे सातवीतच घरोघर धास्ती सुरू होते. सोनू चपलेच्या अंगठ्याकडे बघत उभा होता.

चुकांचा पत्ता

पहिले पंधरा दिवस मी शिकवलं जवळजवळ काहीच नाही. जुन्या वह्या वाचल्या आणि त्याला मोठ्याने बोलत उदाहरणं सोडवायला लावली. त्याच्या चुका मुळीच भरकटलेल्या नव्हत्या. प्रत्येकीच्या मागे एक नियम होता, आणि तो त्याने स्वतःच्या अक्कलहुशारीने बसवलेला होता.

भागाकार घ्या. ४२१२ ÷ ६. सोनू बोलत होता: सहा सत्ते बेचाळीस, खाली शून्य. एक उतरवला. सहा एकात जात नाही, म्हणून दोन पण उतरवला. सहा दुणे बारा. उत्तर ७२.

"एकात जात नाही, तेव्हा वर काय लिहिलंस?"

"काहीच नाही. जात नाही ना, काकू."

आता यात त्याचं काय चुकलं? जात नाही म्हणजे काही लिहायचं नाही, हे तर्काला धरूनच आहे. ‘उतरवायचं’ एवढंच त्याला शिकवलं गेलं होतं. काय उतरतंय, शतक की दशक, हे कुणी बोललंच नव्हतं. मी खोट्या नोटा काढल्या. चार हजार दोनशे बारा रुपये सहा जणांत वाटायचे. हजाराच्या चार नोटा सहा जणांना पुरत नाहीत, त्या मोडून शंभराच्या बेचाळीस केल्या, प्रत्येकाला सात. दहाची एकच नोट, ती सहा जणांना कशी द्यायची? दहाच्या नोटा प्रत्येकाला शून्य. ती मोडून एकेकचे बारा, प्रत्येकी दोन. सातशे दोन. मधलं शून्य म्हणजे ‘दहाची नोट मिळाली नाही’ असं लिहून ठेवणं. हे त्याला एका दुपारी कळलं, पुढच्या आठवड्यात विसरला, मग पुन्हा कळलं.

दशांशाची गोष्ट जास्त मजेशीर होती. ३.९ आणि ३.१० यांत मोठी संख्या कोणती? सोनू ठामपणे म्हणाला, ३.१०. हा मुलगा ठामपणे बोलतो ते मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. कारण विचारलं तर म्हणाला, "नऊनंतर दहा येतात." आणि पुस्तक उघडून दाखवलं: एक्सरसाइज ३.९ संपली की एक्सरसाइज ३.१०! मग मला क्रिकेट आठवलं. १९.५ ओव्हर म्हणजे साडेएकोणीस ओव्हर झाल्या का, असं विचारल्यावर तो हसला. "नाही, एकच बॉल उरला." म्हणजे गणिताच्या पुस्तकातले स्वाध्याय आणि टीव्हीवरचा धावफलक, दोन्हीकडे रोज बघून त्याने टिंबाचा अर्थ लावला होता: डावीकडे एक मोजणी, उजवीकडे दुसरी. या जगात त्याचं बरोबरच होतं. टिंबाचं तिसरं एक जग असतं आणि तिथे उजवीकडचा पहिला आकडा दहावे भाग मोजतो, एवढं त्याला सांगायचं राहून गेलं होतं. अंगणात मेजरिंग टेप अंथरून ३.९ मीटरवर आणि ३.१० मीटरवर खडूने रेघा मारल्या. दोन रेघांमध्ये ८० सेंटिमीटर. त्या अंतरात तो आडवा झोपून बघायला लागला आणि मावला नाही.

ऋण संख्या उधारीच्या वहीने चटकन सुटल्या. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये त्यांचे नियम धन आणि ऋण, म्हणजे जमा आणि कर्ज, याच शब्दांत मांडले होते, आणि आडतीवर हिशेब लिहिणाऱ्याच्या मुलाला उधारी समजावून सांगावी लागत नाही.

उन्यासी

नोव्हेंबरात एकदा त्याचे वडील न्यायला आले आणि दारातूनच त्यांनी विचारलं, "सोनू, उन्यासी में से अड़तीस?" हिशेब ते हिंदीतच करतात, बाजाराची भाषाच ती. सोनूचे ओठ हलले. चार-पाच सेकंद गेले. वडील माझ्याकडे बघून हसले, त्या हसण्याचा अर्थ होता ‘बघा’. सोनूने "बत्तीस?" असं काहीतरी सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी वीस संख्या तीन भाषांत उलटसुलट सांगितल्या आणि नुसत्या लिहायला लावल्या. इंग्रजीत वीसपैकी वीस. मराठीत सतरा. हिंदीत तेरा. उनसठ, उनहत्तर, उन्यासी, नवासी यांत त्याचा पार गोंधळ होता. खरं तर ही नावं कुणालाही घोटाळ्यात पाडतील. हिंदीत ७९ ला उन्यासी म्हणतात, म्हणजे ऐंशीला एक कमी, पण ८९ ला नवासी. मराठीत निदान एकोणनव्वद तरी सरळ आहे. त्यात आपल्या भाषांत एकक आधी बोलतात, पंचवीसमध्ये पाच आधी आणि वीस मागून, इंग्रजीत नेमकं उलटं. सोनू ‘उन्यासी’ ऐकून आधी मनात ‘सेव्हन्टी नाइन’ करत होता, मग ‘अड़तीस’चं ‘थर्टी एट’, मग वजाबाकी, मग उत्तर परत हिंदीत. वडिलांना दिसत होता फक्त वेळ. तेच मी ‘सेव्हन्टी नाइन मायनस थर्टी एट’ म्हटल्यावर त्याने श्वास घ्यायच्या आत ‘फॉर्टी वन’ सांगितलं.

२०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन सुचवलं होतं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मीही इथे बसून नाक मुरडलं होतं. आता तितकं मुरडत नाही.

वडिलांना मी ते वीस-वीस संख्यांचे कागद दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे मी विचारतो ते त्याला ऐकूच येत नाही, असं का?" मी म्हटलं, "तसंच समजा. काही दिवस काही विचारू नका." विचारायचे त्यांनी थांबवले नाही, पण इंग्रजीतून विचारायला लागले.

माझी चूक

आता माझ्याकडची बाजू. पहिले दोन महिने मी त्याला शाबासकीवर ठेवलं. सोपी उदाहरणं द्यायची, आली की "वा, सोनू!" म्हणायचं. मुलाला जमतंय असं वाटलं की भीती जाईल, असा माझा हिशेब. एक दिवस त्याने माझ्या हातातली गणितं बघून विचारलं, "काकू, ही पाचवीची आहेत ना?" शेजारी बसलेल्या सहावीतल्या मुलीने मान वर केली. मला काय बोलावं सुचेना. छमाहीत त्याला १६ मिळाले, म्हणजे माझ्या शाबासक्यांची किंमत तीन गुण.

खरा प्रकार डिसेंबरात कळला. ३०६ × ४ करून त्याने १२२४ लिहिलं होतं. बरोबर. मला फक्त ऐकायचं होतं की मधल्या शून्याचं त्याने काय केलं, म्हणून विचारलं, "हे कसं केलंस?" त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, खोडरबर उचललं आणि १२२४ खोडून टाकलं.

त्या मुलाच्या अनुभवात ‘कसं केलंस’ हा प्रश्न नव्हताच. शाळेत, घरी आणि माझ्याकडेही तो फक्त चुकल्यावर विचारला गेला होता. मग मी स्वतःकडे लक्ष द्यायला लागले. उत्तर चुकत असेल तर माझं पेन त्या ओळीवर थांबतं. बरोबर असेल तर मी आधीच पान उलटायला हात पुढे करते. सोनू आकडे बघतच नव्हता, माझं पेन बघत होता. दर ओळीनंतर "बरोबर आहे ना?" असं तो विचारायचा. एका तासात ते किती वेळा येतं हे डायरीत काड्यांनी मोजलं: एकतीस.

तेव्हापासून तीन गोष्टी बदलल्या. खोडरबर दप्तरात गेलं, पेनने लिहायचं आणि चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची. बरोबर उत्तरांनाही मी ‘कसं?’ विचारायला लागले, किंबहुना बरोबर उत्तरांनाच जास्त. आणि ‘बरोबर आहे ना?’ला माझं एकच उत्तर ठरलं, "तपासून सांग." तपासायचं कशाने, हे मात्र शिकवावं लागलं. उदाहरणाआधी अंदाज लिहायचा: ३०६ चौका बाराशेच्या वर थोडं. भागाकार झाला की गुणून बघायचं: ७२ सक ४३२, मग ४२१२ कुठे गेले?

पहिले दहा-बारा दिवस वाईट गेले. "सांगा ना काकू" म्हणून तो रडकुंडीला यायचा, आणि एकदा मी सांगूनही टाकलं. आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं होतं की ‘मला जमेल’ हा विश्वास सगळ्यात जास्त स्वतःच्या हाताने काम तडीस गेल्यावर येतो, दुसऱ्याच्या सांगण्याने त्या मानाने कमी. बी.एड.ला हे मी पाठ केलं होतं आणि परीक्षेत लिहून गुणही घेतले होते.

पावणेचार

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात अपूर्णांक चालू होते. सोनूने २/३ + १/४ = ३/७ लिहिलं. वरचे वर, खालचे खाली. ही चूक जगभरची मुलं करतात आणि आपण लगेच लसावि सांगायला धावतो. या वेळी मी विचारलं, २/३ अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? जास्त. आणि ३/७? त्याने सात चौकोन काढले, तीन रंगवले. कमी. मग तो गप्प झाला आणि थोड्या वेळाने हिंदीतच म्हणाला, "जोड़ा और कम हो गया?" लसावि दुसऱ्या दिवशी शिकवला.

त्याच आठवड्यात तिळगुळाच्या निमित्ताने त्यांच्या घरी गेले होते. सोनूची आजी परातीपाशी बसली होती. सून विचारत होती, एका वाटी तिळाला पाऊण वाटी गूळ, मग पाच वाट्यांना किती? आजीने वर न बघता म्हटलं, "एका पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार." पाऊणकी! पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, हे सगळे पाढे आजीला तिच्या वडिलांनी शिकवलेले. मी सोनूला कागद दिला. त्याने ३/४ × ५ = १५/४ केलं, पंधराला चाराने भागून ३ ३/४ लिहिलं.

"आजीचं उत्तर किती?"

"पावणेचार. पण काकू, पौने चार तर टाइम असतो ना?"

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार वाजले की मिनिटकाटा नऊवर असतो, म्हणजे तीन तास आणि चौथ्या तासाचे तीन चतकोर झालेले. कागदावरच्या ३ ३/४ कडे बघितलं. मग आजीला विचारलं, "आजी, सहा पाऊण?"

"साडेचार."

त्याने पेनने करून पाहिलं: १८/४, साडेचार. पुढचा अर्धा तास तो तिची परीक्षा घेत होता. गूळ कढईला लागला आणि आम्हा सगळ्यांना बोलणी बसली, पण या घरात पहिल्यांदाच आकडे विचारणारा सोनू होता आणि उत्तरं देणारं दुसरंच कुणी.

किल्ला

फेब्रुवारीत एका रविवारी चारही मुलांना किल्ल्यावर घेऊन गेले. ग्वाल्हेर दरवाजाकडून चढताना चतुर्भुज मंदिर लागतं, एकाच खडकात कोरलेलं, लहानसं. त्यातल्या शिलालेखात विक्रम संवत ९३३, म्हणजे इ.स. ८७६ सालचं, शून्य आहे. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब, १८७ हात रुंद जमीन दिली आणि रोज ५० माळांची सोय केली, असा तो मजकूर. २७० आणि ५० मधलं शून्य आज आपण काढतो तसंच, फक्त जरा लहान. आमच्या गावात लोक छाती फुगवून सांगतात की जगातलं पहिलं शून्य इथलं. तसं ते नाही. कंबोडियात इ.स. ६८३ चा शिलालेख आहे, त्यात शून्यासाठी टिंब आहे. पण पायी जाऊन बघता येईल असं शून्य दारात असताना शाळेच्या सहली भलतीकडे का जातात, हे मला कधी समजलं नाही.

सोनूने शून्यापेक्षा माकडांकडे जास्त लक्ष दिलं, हेही लिहून ठेवते.

सोमवारी मी मुलांना त्या बागेचं क्षेत्रफळ काढायला सांगितलं आणि चहा टाकायला आत गेले. परत आले तेव्हा सोनूच्या वहीत वर अंदाज होता: ३०० × २०० = ६०,०००. खाली गुणाकार होता आणि उत्तर ५,०४९. त्यावर एक आडवी रेघ. शेजारी ५०,४९०. मी नेहमीप्रमाणे विचारलं, कसं?

"साठ हजार यायला पाहिजे होतं, आणि हे पाच हजारच. मग बघितलं तर २७० चा झीरो राहिला होता."

"साठ हजार पण नाही आलं."

"ते कमीच येणार ना काकू. दोन्ही नंबर मी वाढवून धरले होते."

रेघ मारताना मी खोलीत नव्हते, बघायला माझं तोंडही नव्हतं. डायरीत त्या दिवशी एवढंच लिहिलं आहे.

वार्षिक परीक्षेत ५० पैकी २९. वडील खूश झाले आणि लगेच म्हणाले, "पण चाळीस यायला हवे होते." शाब्दिक उदाहरणांत तो अजून अडतो, इंग्रजी वाक्य तीनदा वाचावं लागतं. कंसाच्या आधी वजा असला की आतली चिन्हं बदलायची विसरतो. मार्चमधल्या शेवटच्या मोजणीत "बरोबर आहे ना?" तासाला सहा वेळा आलं. एप्रिलमध्ये सुटीनंतर पहिल्या दिवशी परत चौदा. माझ्याकडून वेळ फुकट गेला तो ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. ते दोन महिने शाबासकीऐवजी अंदाज लिहून घेण्यात घालवले असते, तर छमाहीतही फरक दिसला असता असं मला वाटतं.

आता तो आठवीत आहे. परिमेय संख्या सुरू झाल्या आहेत. काल -३/४ आणि -२/३ यांत मोठी कोणती, यावर अडला. वर पाहिलं. मी दुसऱ्या मुलीची वही तपासत होते, तशीच तपासत राहिले. थोड्या वेळाने पट्टी सरकल्याचा आवाज आला. त्याने आडवी रेघ ओढून मधोमध शून्य मांडलं होतं आणि डावीकडे बारा सारखे भाग पाडत होता.